पाणी वरून वाढलं, हे कुणी लिहायचं?

एक प्रश्न घेऊन बसलोय. गेले काही महिने तो सुटत नाही, म्हणून तुमच्यापुढं टाकतो. आपल्या माणसांनी दुसऱ्या दलितावर केलेला अन्याय आपण आपल्या वहीत लिहायचा की नाही? लिहायचा तर कुणाला विचारून लिहायचा?

हा प्रश्न पुस्तकात वाचून पडलेला नाही. आमच्या मंडळात तो पडला आणि मंडळ फुटायची वेळ आली.

आमचं मंडळ म्हणजे फार काही मोठं नाही. काटेवाडीपासून इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूच्या गावांतली आम्ही आठ-नऊ माणसं. कुणी मास्तर, कुणी कारखान्यात, एक एसटीतला कंडक्टर, दोन कॉलेजची पोरं. २००६ साली धम्मदीक्षेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा ठरवलं की आपल्या भागातले जे म्हातारे-म्हाताऱ्या त्या काळच्या आहेत त्यांचं बोलणं उतरवून घ्यायचं. नोंदणी नाही, ऑफिस नाही, ग्रँट नाही. एक पत्र्याची ट्रंक, तिच्यात वह्या नि कॅसेटी. आता कॅसेटी गेल्या, मोबाईल आले. पण ट्रंक तीच आहे. वाळवी लागू नये म्हणून दर दिवाळीला तिच्यातल्या वह्या उन्हात टाकतो. वर्गणी महिन्याला शंभर रुपये, ती पण निम्मी थकलेली.

हे कशापायी? तर सांगतो. काटेवाडीचं नाव राजकारणामुळं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आषाढी जवळ आली की तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीत येते. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. पेपरवाले येतात, टीव्हीवाले येतात. दुसऱ्या दिवशी तो फोटो घरोघर. म्हणजे या रस्त्याचा इतिहास दर साली लिहिला जातो. पण पालखीच्या वाटेवर ज्यांनी पिढ्यान् पिढ्या वाट झाडली, सरकारी सारा डोक्यावर वाहून नेला, मेलेली जनावरं ओढली, त्यांचं काय? त्यांच्याकडं कॅमेरा कधी वळला नाही.

पुण्यात १९१० साली राजवाडे-मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. तेही हौशी माणसांचंच मंडळ. राजवाडे गावोगाव हिंडले. देशमुखाच्या, देशपांड्याच्या, कुलकर्ण्याच्या वाड्यावर गेले, माळ्यावरची दप्तरं खाली काढली. ज्याच्या घरात कागद, त्याचा इतिहास झाला. महारवाड्यात, मांगवाड्यात कागद कुठला? आमच्या आजा-पणजानं टपाल वाहिलं, पण त्यातलं अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. कागद त्याच्या डोक्यावर होता आणि कागदात तो नव्हता. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर 'नाक' लागलेली नावं दगडात कोरलेली आहेत, म्हणून १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. तशी नावं आपल्या वाट्याला किती आली? बोटावर मोजण्याइतकी. बाकीच्यांचा कागद म्हणजे म्हाताऱ्यांचं तोंड, आणि ते तोंड दर महिन्याला एक मिटतंय.

हे काम आपल्याकडं नवं नाही. चांगदेव खैरमोड्यांनी स्वतःच्या कष्टानं कागद जमवले आणि १९५२ साली बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड काढला. वसंत मूनांनी १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड उभे केले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून घरोघर फिरल्या, चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना बोलतं केलं, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिलं. त्यांच्या वाटेनं आम्ही निघालो. आमचा धडा पहिल्याच वर्षी झाला. बाईला विचारलं की दारातला पुरुष उत्तर देतो. म्हणून ठरवलं, बाईशी बाईनंच बोलायचं आणि पुरुषाला चहा आणायला पाठवायचं.

आता मूळ गोष्ट.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आम्ही गोळा करत होतो. कालव्याच्या वरचा जिरायत भाग. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, लाल मिलो खाल्ला, सुकडीसाठी पोरांना रांगेत उभं केलं, हे सगळे सांगतात. एक मातंग समाजाची म्हातारी, ऐंशीच्या घरातली, तिच्याकडं आम्ही गेलो. मी तिला मावशी म्हणतो. ती बोलता बोलता म्हणाली,

"आमच्या हिरीला खडक लागला. तुमच्या आळीच्या हिरीत पानी हुतं. आम्ही काठावर घागरी घिऊन बसायचो. पोहरा टाकू देत न्हवते. तुमच्या बाया शेंदायच्या आन् वरून वाढायच्या. घागरीला पोहरा लागू द्यायच्या न्हाईत."

मी विचारलं, "कोण वाढायचं मावशी?"

ती हसली. "कोन म्हंजी? तुजी आय वाढायची की. हात सैल हुता तिचा, भरपूर वाढायची. पर वरून."

पोरीच्या हातातला मोबाईल चालू होता. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. त्या साली मी सात वर्षांचा होतो. आईच्या मागं मागं विहिरीवर जायचो, एवढं आठवतं. वरून वाढलेलं पाणी आठवत नाही. अनेकदा आठवून बघितलं. पाटलाच्या विहिरीवर आम्हाला वरून वाढलेलं पाणी मला लख्ख आठवतं, आणि आम्ही वाढलेलं आठवत नाही. हे मला टोचतं. कारण मीच दर २० मार्चला पोरांना चवदार तळ्याची गोष्ट सांगतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती काही पाण्यापायी नव्हे, माणूसपणापायी, असं घसा ताणून सांगतो. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती नि आमच्या विहिरीवर हे चाललं होतं.

मंडळाच्या बैठकीत वही वाचली. कॉलेजातला एक पोरगा उठला. चांगला कार्यकर्ता आहे, धावपळ करणारा. तो म्हणाला, "सर, हे छापायचं न्हाई. १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टानं उपवर्गीकरणाचा निकाल दिलाय. महार-मांग भांडण लावायला लोक टपूनच बसलेत. आपण त्यांच्या हाती आयतं कोलीत द्यायचं?"

त्याच्या म्हणण्यात दम नाही असं मी म्हणणार नाही. निकाल अण्णा भाऊंच्या जयंतीच्याच दिवशी आला, आणि तेव्हापासून गावागावात कुजबूज वाढली आहे, हे खरं.

दुसरा म्हणाला, "जुनी घाण उकरायची कशाला? लोकांनी देव नदीत टाकले, मढी ओढायची सोडली, गळ्यातली-हातातली जुनी निशाणी काढून फेकली. विसरण्यातच त्यांची सुटका होती."

हेही खरंच आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की अस्पृश्यपणाची खूण दाखवणारी लुगडी नेसण्याची तऱ्हा नि दागिने टाका. टाकणं हा आपल्याकडं विद्रोह होता. म्हणून इतिहास जमवणाऱ्यानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या म्हाताऱ्यांनी जे फेकून दिलं ते अडाणीपणानं नव्हे, समजून उमजून फेकलं. ते परत उचलून घरात आणताना त्यांना विचारायला पाहिजे.

पण मित्रांनो, विसरणं दोन तऱ्हेचं असतं. आपल्या अंगावरचा डाग माणूस विसरू बघतो, ते त्याचं स्वातंत्र्य. आपण दुसऱ्याच्या अंगावर उडवलेला डाग आपणच विसरतो, ते स्वातंत्र्य नव्हे. तो सनातन्यांचा धंदा. "आमच्याकडं जातपात कधी नव्हतीच" असं गावचा बडा माणूस म्हणतो तेव्हा आपण उसळतो. मग आपण तेच वाक्य मांगवाड्याकडं तोंड करून म्हणायचं?

बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता सांगितली ती हीच. शिडीच्या प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली लाथ मारायला कुणीतरी दिलेलं असतं, म्हणून शिडी मोडत नाही. ज्याला हे मान्य, त्याला स्वतःची पायरी झाकून ठेवता येणार नाही.

आणि हे दुखणं काल कुणी शोधून काढलेलं नाही. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ताबाईचा निबंध आला. पुण्यातल्या फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोर. पेशवाईतला जुलूम तिनं लिहिला, आणि महार मांगाला खालचा समजतो हे लिहायलाही ती कचरली नाही. शत्रूच्या हाती कोलीत जाईल म्हणून ती थांबली असती तर आपल्याकडं तो कागद नसता. आमच्यापासून नीरा ओलांडली की फलटण. तिथं दुकान सांभाळता सांभाळता बेबीताई कांबळ्यांनी घरच्यांपासून लपवून 'जिणं आमुचं' लिहिलं. १९८६ साली ते पुस्तक झालं. त्यात गावानं केलेला छळ आहे, आणि महारवाड्यात सासवांनी सुनांचा मांडलेला छळही आहे. 'बलुतं' १९७८ ला आलं तेव्हा आपल्यातल्याच काहींनी नाक मुरडलं, उकिरडा कशाला दाखवता म्हणाले. त्या पुस्तकांनी चळवळ बुडाली का? उलट ती आहेत म्हणून आपण मान वर करून बोलतो. स्वतःला वगळून बोलणाऱ्याचं कुणी खरं मानत नाही.

इथं मला एक जुनी गोष्ट आठवते. इंदापूर तालुक्यात १८३५-३६ साली गोल्डस्मिड नि विंगेट या साहेबांनी जमिनीची मोजणी-आकारणी केली. तीच पुढं मुंबई इलाख्याला नमुना झाली. नकाशे नव्हते तेव्हा गावाची शीव कुणाला माहीत? महाराला. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष शेवटची. आपण या गोष्टीचा अभिमान बाळगतो, मीही बाळगतो. पण दोन गोष्टी त्यात बघायच्या राहतात. ती साक्ष मानली जायची, कारण ती आपल्या गावाच्या विरुद्ध गेली तरी महार खरं बोलेल असा भरवसा होता. ही झाली एक. आणि दुसरी, ती साक्ष वतनाच्या कामातली होती, म्हणजे वेठीची. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली वतनाविरुद्ध बिल आणलं, १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, तेव्हा कुठं ती वेठ सुटली.

मला वाटतं, आमच्या सबंध प्रश्नाचं उत्तर या दोन गोष्टींत आहे. साक्ष स्वतःच्या विरुद्धसुद्धा द्यायला पाहिजे. आणि साक्ष कुणाकडून वेठीनं घ्यायची नाही.

आता पहिल्याचं सांगतो. मी आईला विचारायला गेलो. पंच्याऐंशीची आहे, कान शाबूत आहेत. मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप. मग म्हणाली, "तवा तसंच हुतं." मी म्हटलं, "आय, लिहू का?" ती म्हणाली, "लोकं काय म्हनतील?" आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

माझा जीव अडकला. आई नको म्हणते, लिहायचं कसं? मंडळातही तेच म्हणाले, तुझ्या आईची परवानगी नाही, विषय संपला. दोन दिवस मलाही ते बरं वाटलं, सुटलो असं वाटलं. मग मनात आलं, पाटलाची परवानगी आपण कधी मागितली होती? ज्यानं वरून पाणी वाढलं त्याला विचारून लिहायचं म्हटलं असतं तर अस्पृश्यतेचा इतिहास एका ओळीचा झाला नसता. या एका गोष्टीपुरती माझी आई पाटलाच्या जागी उभी आहे. माझी आई आहे, उपाशी राहून तिनं मला शिकवलं, तिच्या हातावर खडीचे घट्टे आहेत, हे सगळं खरं आहे. तेही लिहीन. तिचं म्हणणं तिच्या शब्दांत लिहीन. पण लिहू नको म्हणण्याचा हक्क तिला नाही. हे लिहिताना माझा हात कापतो. तरी लिहितो.

मग हक्क कुणाचा? जिच्या घागरीत पाणी वरून पडलं तिचा. दुसऱ्या गोष्टीकडं आम्ही इथं वळलो, आणि उशिरा वळलो याची लाज वाटते. बैठकीत दोन तास आम्ही भांडलो, छापायचं की नाही. पण मावशीला काय पाहिजे हे एकानंही विचारलं नव्हतं.

मी परत गेलो. या खेपेला वही नेली आणि तिचं बोलणं तिलाच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बराबर हाय." लिहू का विचारलं, तर म्हणाली, "लिव्ह. पर माजं नाव नगं. माजा नातू तुमच्या पोरांबरोबर जयंतीची वर्गनी काढतो. त्येचं बिघडाया नगं." मग थोडं थांबून म्हणाली, "आन् मास्तर, तुमच्या वहीत माजं लिवताय. आमची वही कुटं हाय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मंडळाला इतकी वर्षं झाली होती. 'आपल्या लोकांचा इतिहास' असं आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. त्या 'आपल्या'त एकही मातंग नव्हता, चांभार नव्हता, ढोर नव्हता. कुणी बंदी घातली नव्हती. कुणाला बोलावलंही नव्हतं. राजवाड्यांना महारवाडा दिसला नाही म्हणून मी भाषणं करायचो. मला माझ्या गावातला मांगवाडा दिसला नव्हता.

मावशीच्या भावकीतली एक मुलगी बारामतीला नोकरी करते. तिला मंडळात या म्हटलं. ती आली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी येते. पण ट्रंकेची एक किल्ली माझ्याकडं पाहिजे. आणि छापायच्या आधी मला दाखवायचं."

बैठक तापली. विश्वास नाही का आमच्यावर, असं एकजण म्हणाला. ती शांतपणे म्हणाली, "विश्वासाचं काय, तुमच्या विहिरीवर पण विश्वासानंच बसत होतो." मतं घेतली. पाच विरुद्ध तीन. किल्ली दिली. ज्यांनी विरुद्ध मत दिलं त्यातले दोघं त्यानंतर आले नाहीत. उपवर्गीकरणाची भीती घालणारा तो पोरगा त्यांच्यात आहे. त्याच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. तो मला चहा देतो आणि विषय काढू देत नाही. त्याची भीती खोटी नाही. उद्या हा कागद कुणी भलत्या कामाला वापरला तर मी काय करणार, असं तो विचारतो. मी त्याला एवढंच म्हणतो की भांडण लावणाऱ्याला आपल्या वहीची गरज नाही. त्याला जे माहीत आहे ते मांगवाड्यातल्या प्रत्येक म्हातारीला माहीत आहे. न माहीत असल्यासारखं फक्त आपण वागतो. आपण स्वतःहून सांगितलं तर निदान एकत्र बसायला जागा होते. त्याला हे अजून पटलेलं नाही.

तुमच्यातले बरेच जण आपापल्या गावात असं काम सुरू करू म्हणतात, मला पत्रं येतात. म्हणून आम्ही ठेच खाऊन शिकलो ते सांगतो. सांगणाऱ्याला त्याचं बोलणं वाचून दाखवल्याशिवाय वही बंद करायची नाही. नाव सांगणाऱ्याच्या मालकीचं. तो नको म्हणाला तर नाव नाही, आज नको म्हणाला तर आज नाही. एखादी बाई सगळंच पुसा म्हणाली तर पुसायचं. मग इतिहासाचं नुकसान झालं तरी सोसायचं. पूर्वी आपल्याकडून साक्ष वेठीनं घेतली गेली, आता आपण कुणाकडून ती तशी घ्यायची नाही. पण ज्याचा दोष, त्याच्या 'नको'ला हा मान नाही, मग तो पाटील असो की आपली आई. त्याचं म्हणणं घ्यायचं, शेजारी मांडायचं, थांबायचं मात्र नाही. आणि गावावर लिहायच्या आधी आपल्या विहिरीवर एक पान लिहायचं.

एवढं करूनही माझा प्रश्न पुरता सुटलेला नाही. मावशीचं नाव झाकलं, पण मी माझं नाव घातलं की गाव कळतं, गाव कळलं की मावशी कळते. म्हणून या लेखाखाली नाव घालत नाही. नाव न घालता कबुली दिली तर ती कबुली कसली, असं त्या मुलीनंच मला विचारलं. आम्ही मावशीकडं तिसऱ्यांदा जाणार आहोत. ती म्हणेल तसं पुढच्या अंकात करीन.

आईला मी हा लेख वाचून दाखवला. 'वरून' या शब्दाशी तिनं मला थांबवलं. म्हणाली, "तिची घागर पितळेची हुती, चेपलेली. त्ये बी लिव्ह."

लिहिलं.

जय भीम.